विहिरीतली बरणी

"एक घोट. फक्त एक. मी कुणाला सांगणार नाही," बालीस म्हणाला आणि बिअरच्या पिंपाच्या लाकडी गुडदीकडे त्याने हात नेला.

झेनोनसने त्याच्या हातावर चापट मारली. "टेबलावर."

"अरे, पण तुझ्याच अंगणात, तुझ्याच दोस्ताला?"

"टेबलावर म्हटलं ना. तुझ्या बापानेही कधी टेबलाआधी चाखली नाही."

"माझा बाप आदल्या दिवशीच स्वतःची अर्धी संपवायचा, त्याला दुसऱ्याची चाखायला शुद्ध कुठे असायची!" बालीस हसला आणि त्याने पिंपाची खालची कड धरली. दोघांनी मिळून ते ट्रॅक्टरमागच्या गाडीत चढवलं. तिथे आधीच बालीसचं पिंप गवताच्या पेंढीवर आडवं झोपलं होतं. "यंदा तुला फसवणार बघ मी. लिहून ठेव."

"दरवर्षी हेच म्हणतोस."

"दरवर्षी तुझं नाक आडवं येतं. यंदा नाकालाच गंडवतो."

गाडीच्या फळीवर बसताना झेनोनसने आपला मातीचा जग दोन्ही पायांच्या मध्ये नीट धरला आणि बालीसच्या पाठीकडे पाहत राहिला. ट्रॅक्टर सुरू झाला. डिझेलचा निळा धूर त्याच्या तोंडावर आला. डोळे चुरचुरले. एवढंच. बाकी काही आलं नाही.

गावात सगळे त्याला 'नाक' म्हणत, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. निवृत्त होईपर्यंत तो दूध संकलन केंद्रावर होता. सकाळी आसपासच्या वाड्यांवरून दुधाचे कॅन यायचे. झेनोनस एकेका कॅनचं झाकण उचलायचा, वाकायचा, आणि एक तर मान हलवायचा नाही तर एकच शब्द म्हणायचा, "परत." मग त्या कॅनवर खडूची फुली पडायची आणि तो कॅन आला तसा मालकाच्या दारी जायचा. बायका रडायच्या, पुरुष शिव्या द्यायचे. कुणी सकाळी सकाळी अंडी आणून ठेवायचे. पण 'परत' म्हणजे परत. सख्ख्या मावशीचा कॅनही त्याने परत पाठवला होता आणि मावशी दोन नाताळ त्याच्याशी बोलली नव्हती. तो वाईट माणूस नव्हता. नासलेलं दूध चांगलं आहे असं त्याला म्हणता येत नसे, इतकंच.

बिअरच्या बाबतीतही तसंच. गावात पूर्वी घरोघरी बिअर व्हायची; आता चार घरं राहिली होती. ऑगस्टमध्ये देवमातेच्या सणाला जो तो आपलं पिंप घेऊन एका अंगणात जमायचा. पेला एकच. ज्याची बिअर त्याने आधी प्यायची, म्हणजे खोड असेल तर ती आधी त्याच्या पोटात जावी. मग डावीकडच्याकडे वळून म्हणायचं, "तुझ्या आरोग्याला." तो पिणार, मग त्याच्या डावीकडचा, असं करत पेला फिरायचा. आणि जो पिईल त्याने काहीतरी बोललं पाहिजे, आणि खरं बोललं पाहिजे. शेवटी प्रत्येकाने आपला जग दुसऱ्याच्या घरी भरून पाठवायचा. जग परत यायचा तो कधीही रिकामा यायचा नाही. पाव, चीज, मूठभर वाटाणे, काहीतरी त्यात असायचंच.

झेनोनसचं बोलणं ऐकायला लोक थांबायचे. पेल्यावर तो वाकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "जव वाळवताना भट्टीत ओलं लाकूड गेलंय." किंवा, "हॉपची कडू फुलं कुंपणाच्या सावलीतल्या वेलाची." आणि ते तसंच असायचं.

फेब्रुवारीत त्याला ताप आला. ताप आठवड्यात उतरला. त्यानंतर एकदा चुलीवरची लापशी करपून काळी झाली तरी तो शेजारी बसून वर्तमानपत्र वाचत होता. तेव्हाही त्याच्या लक्षात आलं नाही. कान जसे कमी होतात तसं लक्ष कमी झालं असेल, असं त्याला वाटलं. लक्षात आलं ते बिस्किटांच्या डब्यामुळे. त्या डब्यात त्याच्या बायकोची, अपोलोनियाची, लोकरीची शाल होती. ती वारल्यावर त्याने शाल धुतली नाही, बाहेर टांगली नाही. वास उडू नये म्हणून डब्यात झाकण लावून ठेवली आणि क्वचित, अगदीच करमेनासं झालं की, थोडंसं झाकण उघडायचा. त्या दिवशी उघडलं तर आत फक्त लोकर होती. तो घाबरला. शालीचा वास संपला, आपणच उघडून उघडून संपवला, असं त्याला वाटलं. मग काही सुचून त्याने रॉकेलची बाटली उघडून नाकाशी धरली. पाणी धरावं तसं. तेव्हा त्याला कळलं की शालीतलं काही गेलेलं नाही, आपलंच नाक गेलंय. आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्याला बरंच वाटलं.

जवळच्या शहरातला, बिर्झायचा डॉक्टर म्हणाला, "येईल कदाचित. या वयात फार वाट पाहू नका."

त्याने कुणाला सांगितलं नाही. मुलगी नॉर्वेत होती, तिलाही नाही. सांगायचं म्हटलं की त्याला रापोलस आठवायचा. बिअर करणाऱ्यांत रापोलसचं पाचवं घर होतं. झटका येऊन त्याचं तोंड वाकडं झालं, पेला ओठाला लागेना, बिअर छातीवर सांडायची. त्याला 'येऊ नकोस' असं कुणीही म्हणालं नाही. फक्त पुढच्या वर्षी त्याच्या फाटकाकडे कुणी गाडी वळवली नाही. त्या वर्षी ट्रॅक्टरवर बालीसच्या शेजारी झेनोनस स्वतः बसला होता, आणि ते फाटक मागे पडलं तेव्हा तो दुसरीकडे पाहत होता.

आणखी एक गोष्ट होती. ती त्याने अपोलोनियालाही कधी सांगितली नव्हती, पण ती पुढे येईल.

यंदाची बिअर त्याने जिभेवर आणि कानावर केली. बिअरलाही दह्यासारखं विरजण लागतं. शहरातले लोक त्याला यीस्ट म्हणतात आणि पाकिटातून आणतात. जुन्या घरांत ते एका बिअरमधून काढून पुढच्या बिअरसाठी राखून ठेवतात, वर्षानुवर्षं, आईकडून सुनेकडे. झेनोनसच्या घरचं विरजण काचेच्या बरणीत, दोरीला बांधून विहिरीत सोडलेलं असायचं. विहिरीच्या पाण्याइतकी थंड जागा दुसरी नाही. दोरीला अपोलोनियाने मारलेली गाठ होती. ती गाठ काठावरच्या खुंटीत अडकवली की बरणी गळ्यापर्यंत पाण्यात बसायची. त्याने बरणी वर ओढली, झाकण काढलं, सवयीने वाकला आणि मग सरळ झाला. रंग बरोबर होता. साय घट्ट होती. गरम केलेल्या जवाच्या पाण्यात टाकल्यावर ते संध्याकाळपर्यंत फसफसलं, आणि पिंपाला कान लावल्यावर आतली कुजबुज नेहमीसारखीच ऐकू आली. जीभ सांगत होती, गोड आहे; जीभ सांगत होती, शेवटी कडू आहे. एवढं पुरेसं आहे, असं त्याने स्वतःला समजावलं.

तेक्लेच्या अंगणात लिंडनच्या झाडाखाली टेबल मांडलं होतं. पांढरा कापडी रुमाल, त्यावर उकडलेले वाटाणे, शहाजिरं घातलेलं चीज, काळा पाव, धुरी दिलेल्या मांसाचे काप. तेक्ले झेनोनसची शेजारीण, मधल्या तळ्यापलीकडची. नवरा जाऊन तिला बरीच वर्षं झाली होती. आणि चौथा आरुनस. तो आयर्लंडमध्ये कोंबड्यांच्या कारखान्यात राबून, बायको आणि पोटात व्रण घेऊन परत आला होता, आणि स्टीलच्या पातेल्यात थर्मामीटर लावून बिअर करायचा.

"या काका," आरुनस उठून म्हणाला. "तुमची वाट बघतोय. बालीसकाका म्हणतात यंदा तुमचं काही खरं नाही."

"बालीसकाकाचंच काही खरं नाही," तेक्ले म्हणाली. "पाय पुसून ये रे बालीस, शेण आणलंस सगळं."

"शेण नाही, चिखल आहे."

"पावसाचा थेंब नाही दोन महिने आणि चिखल कुठला?"

हे ऐकून सगळे हसले. झेनोनसही हसला. त्याने वास आल्यासारखं नाक मुरडलं, आणि स्वतःचीच लाज वाटून वाटाण्यांच्या वाडग्याकडे वळला.

पहिली यजमानाची. तेक्लेने पेला भरला, स्वतः प्यायली, ओठ पुसले आणि डावीकडे वळली. "तुझ्या आरोग्याला, झेनोनस."

त्याने पेला दोन्ही हातांत घेतला. वाकला. डोळे मिटले. टेबलावर सगळे गप्प झाले, जसे दरवर्षी व्हायचे. आता ती दुसरी गोष्ट सांगायला हवी. तेक्लेच्या बिअरमध्ये दरवर्षी त्याला एक वास यायचा. तो तेक्लेच्या घरचा नव्हता. तो त्याच्या स्वतःच्या घरचा होता. जरा बदललेला, दुसऱ्या पाण्यातला, दुसऱ्या हातचा, पण ओळख न पटावी इतका नव्हे. माहेरून सासरी गेलेल्या मुलीचं हसणं जसं तेच राहतं तसा. अपोलोनिया होती तेव्हा त्याला त्याची गंमत वाटायची. ती गेल्यावर तो ऑगस्टची वाट पाहू लागला. स्वतःच्या बिअरमधला वास रोजचा, त्यात माणूस सापडत नाही. दुसऱ्याच्या घरी अवचित भेटला की सापडतो.

तो पुष्कळ वेळ वाकून राहिला. पेला थंड होता. फेसाचे बुडबुडे वरच्या ओठावर फुटत होते. त्यापलीकडे काही नव्हतं. रिकाम्या घराचं दार वाजवत राहावं तसं त्याने एकदा, दोनदा, तीनदा श्वास आत ओढला.

"झोपला वाटतं," बालीस पुटपुटला.

झेनोनस प्यायला. गोड. मग कडू. "जव यंदा उन्हात वाळवलेत," तो म्हणाला. "भट्टीत नाही."

"घ्या!" आरुनसने टेबलावर थाप मारली. "कसं ओळखता काका तुम्ही?"

जुलैत तेक्लेने तळ्याकाठी चादरींवर जव पसरलेले त्याने कुंपणावरून पाहिले होते. झेनोनसने पेला पुढे दिला. तेक्ले त्याच्याकडे पाहत होती. तिला आणखी काहीतरी ऐकायचं असावं.

मग बालीस उठला. त्याने पिंपाची तोटी सोडली आणि काळपट तांबडी बिअर पेल्यात आली. बालीसची पद्धत वेगळी. तो जवाचा लगदा पावासारखा थापून आईच्या जुन्या भट्टीत भाजायचा, मग त्याची बिअर करायचा. करपलेल्या पावाचा वास टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत यायचा. बालीस प्यायला, गंभीर तोंडाने त्याने तोटी बंद केली, आणि पद्धत मोडून पेला सरळ झेनोनससमोर ठेवला.

"आधी नाक."

"पद्धत आहे ना काही?" तेक्ले म्हणाली.

"एकदा. माझ्यासाठी."

झेनोनस वाकला, डोळे मिटले, प्यायला. जीभ म्हणाली, गोड, जाड, शेवटी कडू. रंग तोच. माणूस तोच. "बालीस," तो म्हणाला, "ही तुझ्या आईची भट्टी. पावाची करपलेली कड आहे बघ यात. आरुनस, तू लाख थर्मामीटर लाव, तुझ्या पाकिटातल्या यीस्टला हे जन्मात जमायचं नाही."

बालीस एवढ्या जोराने हसला की तळ्यावरची बदकं उडाली.

"फसला! नाक फसलं! अरे, ती आरुनसची आहे! आम्ही पिंपं बदलली! मी त्याला शिकवली, तो माझ्या भट्टीतच भाजून गेला, पण यीस्ट त्याचं, पाकिटातलं! आई शप्पथ, कितीतरी वर्षं झाली रे या दिवसासाठी..."

"पण काका," आरुनस हसत म्हणाला, "त्या यीस्टला केळ्याचा वास येतो ना! नुसती केळी! बायको म्हणते घर आहे की फळांचं दुकान. मला वाटलं पेला पुढे ठेवताक्षणीच तुम्ही..."

तो बोलता बोलता थांबला. बालीसचं हसणंही सुरू झालं तसं एकदम संपलं नाही. आधी आवाज गेला, मग दात गेले, मग नुसतं तोंड उघडं राहिलं. हातात आलेलं हे जिंकणं कुठे ठेवावं हे त्याला कळेना. त्याने चीजचा एक तुकडा उचलला आणि परत ठेवला.

"म्हातारा झालो," झेनोनस म्हणाला आणि हसला. "जिंकलास बाबा. खूश?"

"तसं काही नाही. उजेड कमी होता," बालीस म्हणाला. दुपारचं ऊन टेबलावर पडलं होतं.

"माझं पिंप घ्या आता," झेनोनस म्हणाला.

त्याने स्वतः पेला भरला. फेस छान आला, पांढरा, दाट. तो प्यायला. सगळं जिथल्या तिथे होतं. निदान हे तरी आहे, त्याच्या मनात आलं. अपोलोनियाचं विरजण आहे, त्याला नाक लागत नाही, ते आपलं काम आपण करतं. डावीकडे वळून तो म्हणाला, "तुझ्या आरोग्याला, बालीस."

बालीसने पेला तोंडाजवळ नेला आणि त्याचा हात थबकला. जरासाच. मग त्याने झेनोनसकडे पाहिलं. झेनोनस त्याच्याकडेच पाहत होता. बालीसने डोळे मिटून मोठा घोट घेतला, गिळला, आणि काही वेळ टेबलाची कड धरून बसला.

"बोल की."

"थंड आहे," बालीस म्हणाला. "छान थंड आहे."

पेला आरुनसकडे गेला. त्याने तोंड लावलं, खोकला आला, तेक्लेने टेबलाखालून त्याला काहीतरी केलं असावं, कारण तो दचकून सरळ बसला आणि प्यायला. "गोडी बरोबर आहे काका," तो टेबलावरच्या पांढऱ्या रुमालाकडे पाहत म्हणाला.

तेक्ले सगळ्यात हळू प्यायली. घाई न करता, औषध प्यावं तशी नाही, बिअर प्यावी तशीच. पेला खाली ठेवून म्हणाली, "कडवटपणाही बरोबर आहे. अपोलोनिया एवढाच ठेवायची."

थंड. गोड. कडू. झेनोनस ते तीन शब्द मनात लावून पाहत होता. या टेबलावर तो तरुणपणापासून बसत आला होता. बिअर थंड आहे असं इथे कधी कुणी म्हटलं नव्हतं. ओल्या गवतासारखी आहे म्हणायचे, नव्या खोगिरासारखी, पाद्र्याच्या कपाटासारखी, बालीस तर काय वाट्टेल ते म्हणायचा. ज्या गोष्टी जिभेला कळतात आणि नाकाला लागत नाहीत, नेमक्या तेवढ्याच हे तिघे निवडून निवडून सांगत होते. आंधळ्याशी बोलताना माणसं रंगांची नावं टाळतात तसे.

"बालीस," तो म्हणाला. "वास कसा आहे?"

चीजवर माश्या घोंघावत होत्या.

"बालीस, मी तुला विचारतोय. टेबलावर आहेस तू."

बालीसने टोपी काढली. घाम पुसला. त्याला खोटं बोलता येत नसे. चेष्टा करता यायची, खोटं नाही. "बोकड," तो म्हणाला. "पावसात भिजलेला बोकड. फार नाही... म्हणजे, आहेच जरा."

झेनोनसने मान हलवली. "मला येत नाही," तो म्हणाला. "फेब्रुवारीपासून. काहीच येत नाही."

मग तो उठला. कुणी आडवं येण्याआधी त्याने आपल्या पिंपाची गुडदी उपटली आणि पिंप गवतावर कलंडलं. बिअर बदाबदा वाहू लागली, फेस गवताच्या पात्यांवर लोंबू लागला. तो वाहून संपेपर्यंत झेनोनस पिंपाला हात लावून उभा होता. खडू असता तर त्याने फुलीही मारली असती.

"परत," तो म्हणाला.

"झेनोनस, बस," तेक्ले म्हणाली. "वाटाणे घे."

"सोडतो ट्रॅक्टरने," बालीस उठत म्हणाला.

"चालेन मी. जवळ तर आहे."

तळ्याच्या काठाकाठाने तो चालत गेला. मागे टेबलावर बालीसचा आवाज आला, आणि मग भांड्यांचा. त्याने वळून पाहिलं नाही.

घरी येऊन तो सरळ विहिरीवर गेला. काठावर हात टेकून आत वाकला. उन्हाळाभर पाऊस नव्हता, पाणी खाली गेलेलं होतं. त्याला ते रोज दिसत होतं, बादली भरायला दोर जास्त सोडावा लागतो हे हाताला रोज कळत होतं. आणि त्याच पाण्याच्या हातभर वर, कोरड्या दगडांच्या मधोमध, अपोलोनियाच्या गाठीवर बरणी लटकत होती. गरम हवेत. किती दिवस, कोण जाणे. पूर्वी झाकण उघडताच त्याला कळलं असतं. पूर्वी झाकण उघडायच्याही आधी कळलं असतं.

त्याने बरणी वर घेतली. कुंपणाशी जाऊन ओतून टाकली. त्याच्या आईने दिलेलं, अपोलोनियाने संसारभर सांभाळलेलं ते विरजण जमिनीत जिरायला फार वेळ लागला नाही. बरणी त्याने गरम पाण्याने धुतली, पुन्हा धुतली, आणि पायरीवर पालथी घातली. धुतली गेली की नाही हे त्याला कळायचा मार्ग नव्हता.

सकाळी तेक्ले आली. हातात त्याचा मातीचा जग होता, काल टेबलाखाली राहिलेला. जगाच्या तोंडावर फडकं आणि फडक्यावर चार अंडी.

"राहिला होता," ती म्हणाली.

"अंडी कशाला?"

"रिकामा कसा आणू?" तिने रस्त्याकडे पाहिलं, मग अंडी एकेक करून पायरीवर ठेवली आणि फडकं बाजूला केलं. आत दाट, पिवळसर साय होती, मधोमध हळूच फुगत होती. "घे. तुमचंच आहे."

झेनोनसने जगात वाकून पाहिलं.

"मी नवी होते तेव्हा त्या पलीकडच्या घरात," तेक्ले पायरीवर बसत म्हणाली. "सासूने दिलेलं विरजण पहिल्याच उन्हाळ्यात मारलं मी. कापणीच्या घाईत विसरले. कुणाला सांगणार? विरजण मारणारी सून म्हणून गावभर झालं असतं. अपोलोनिया कुंपणावरून अंडी द्यायला आली. अशीच. वर अंडी, खाली हे. म्हणाली, कुणाला कळायला नको, झेनोनसला तर मुळीच नको. त्याच्या पोटात काही राहात नाही म्हणाली, टेबलावर बोलेल."

"मला ठाऊक होतं," झेनोनस म्हणाला.

तेक्ले वळली. "काय?"

"तुझ्या बिअरमध्ये आमचं विरजण आहे ते."

"कधीपासून?"

"पहिल्याच वर्षीपासून. पेला तोंडाशी येण्याआधीच."

"आणि टेबलावर बोलला नाहीस? तू? स्वतःच्या मावशीचं दूध परत पाठवणारा तू?"

"तुम्हा दोघींचं होतं ते," तो म्हणाला. "माझं काय काम त्यात."

तेक्लेने तळ्याकडे पाहिलं. पलीकडच्या काठावर तिचं पांढरं कापड अजून टेबलावरच होतं. "म्हणून काल एवढा वेळ वाकून होतास," ती हळूच म्हणाली.

त्याने पायरीवरची अंडी सावलीत सरकवली.

"वास घेऊन सांग मला," थोड्या वेळाने तो म्हणाला. "कसा आहे?"

तिने जग उचलला, नाकाशी धरला. मनापासून प्रयत्न केला. तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. "चांगला आहे," ती म्हणाली. पुन्हा हुंगलं. "म्हणजे... पावासारखा? नाही. थांब." मग तिने जग खाली ठेवला. "नाही सांगता येत मला. चांगला आहे एवढं कळतं. ते सांगायचं काम तुझं होतं रे."

ती गेली. कुंपणाच्या फटीतून जाताना फडकं तिच्या खांद्यावर होतं. दुपारी दूर रस्त्यावर बालीसचा ट्रॅक्टर वाजला. फाटकाशी येऊन त्याचा आवाज मंदावला, जरा वेळ तसाच घरघरत राहिला आणि मग पुढे गेला. झेनोनस बाहेर आला तेव्हा फाटकाच्या आत त्याचं रिकामं पिंप उभं करून ठेवलेलं होतं, धुतलेलं, तोंड उन्हाकडे करून.

त्याने पायरीवरची बरणी घेतली आणि विरजण तिच्यात ओतलं. झाकण लावायच्या आधी, सवय जाता जात नाही, तो वाकला. मग त्याने मान वळवली आणि बरणीच्या तोंडाला कान लावला. आत बारीक बारीक फुटत होतं; कोरड्या पानांवर कुणीतरी अनवाणी, बेताने पाऊल टाकत जावं तसं. डोळे मिटून तो ते ऐकत राहिला.

मग तो विहिरीवर गेला. दोरीला बरणी बांधून खाली सोडली. अपोलोनियाची गाठ खुंटीशी येऊन थांबली. बरणी पुन्हा कोरड्यातच लटकली. त्याने त्या गाठीवर अंगठा ठेवला. ती घट्ट होती, वर्षानुवर्षांच्या ओलीने दगडासारखी झालेली. सोडायला गेला असता तर सुटली असती, वेळ लागला असता इतकंच. त्याने ती सोडली नाही. खुंटीवरून अलगद उचलली आणि दोर आणखी हातभर पुढे जाऊ दिला. गाठ काठावरून खाली उतरली, दगडांच्या सावलीत गेली, आणि खालून बरणी पाण्याला लागल्याचा आवाज आला. मग त्याने दोरीच्या मोकळ्या भागावर एक नवी गाठ मारायला घेतली.